पाठीपासून सुरुवात करा : गावच्या खेळाडूचं बेसबॉल कार्ड कसं बनवावं

आमच्या वाड्यावरच्या क्रिकेट संघाची, बेसबॉल कार्डांच्या धर्तीवरची कार्डं मी पहिल्यांदा केली, तेव्हा सगळा जीव फोटोंत ओतला होता. चवथीला मुंबई-पुण्याहून घरी आलेल्या पोरांच्या हाती ती दिली. प्रत्येकाने आपला चेहरा क्षणभर बघितला आणि लगेच कार्ड उलटलं. मागे फक्त नाव आणि संघाचं चिन्ह होतं. आमचा यष्टिरक्षक कार्ड हातात फिरवत म्हणाला, "दादा, माझे झेल कुठे आहेत यात?" तेव्हापासून मी प्रत्येक कार्डाची सुरुवात मागच्या बाजूने करतो. तुम्हीही तशीच करावी, म्हणून हा लेख.

बेसबॉल कार्ड म्हणजे पुढे खेळाडूचं चित्र आणि मागे त्याची कामगिरी असलेला तळहाताएवढा पुठ्ठा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ही कार्डं सिगारेटच्या पाकिटांतून येत, पुढे च्युइंगगमबरोबर येऊ लागली. जुन्या कार्डांच्या किमती ऐकून डोळे विस्फारतात : मिकी मँटल या खेळाडूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. मला मात्र ते कार्ड ज्या संचातलं, त्या संचाची जन्मकथा जास्त आवडते. त्याचा आराखडा साय बर्गर या टॉप्सच्या माणसाने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केला. मागच्या बाजूला खेळाडूची थोडक्यात ओळख, गेल्या वर्षाचे आकडे आणि कारकिर्दीचे आकडे अशी मांडणी त्यात होती. आपल्यालाही एवढंच करायचं आहे, आणि टेबल तर आपल्याकडेही आहे.

आधी वही, मग संगणक

ज्याचं कार्ड करायचं त्याच्या नावाने वहीचं एक पान काढा. क्रिकेट असेल तर सामने, डाव, नाबाद, धावा, सर्वोच्च, बळी, झेल. फुटबॉल असेल तर सामने आणि गोल, गोलरक्षकासाठी गोल न खाल्लेले सामने. गावच्या स्पर्धांचे धावफलक हल्ली बरेच जण क्रिकहीरोज या ॲपवर भरतात, तिथे आकडे आयते मिळतात. नाहीतर स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची स्कोअरची वही मागून घ्या. जुन्या खेळाडूंसाठी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२पासूनचं हे ग्रंथालय जुनी वृत्तपत्रं जपून ठेवतं. क्रीडापानं चाळायला एखादी सकाळ सहज जाईल, पण गावचा एखादा सामना छापून आलेला सापडला की त्या सकाळीचं सोनं होतं.

ऐकीव आकडा कार्डावर घालू नका. "त्या वर्षी काकांनी पन्नासेक गोल मारले असतील" हे गप्पांत ठीक आहे. छापलेला आकडा मात्र पुढची वीस वर्षं खरा मानला जातो. जे पडताळता आलं तेवढंच छापा, तक्ता लहान राहिला तरी चालेल.

सरावासाठी एक कार्ड मोठ्या खेळाडूचं करून बघा. मी दिलीप सरदेसाईंचं केलं. जन्म मडगाव, १९४०. कसोटी ३०, डाव ५५, नाबाद ४, धावा २००१, सर्वोच्च २१२, शतकं ५, सरासरी ३९.२३. ही सरासरी हाताने काढून बघा : ५५ डावांतून ४ नाबाद वजा केले की ५१ राहतात, २००१ला ५१ने भागा. गावच्या खेळाडूचं गणितही असंच करायचं. बेसबॉलमधली सरासरी निराळी असते. तिथे यशस्वी फटक्यांना फलंदाजीच्या संधींनी भागतात, म्हणून बेब रूथ या बेसबॉलपटूची कारकिर्दीची सरासरी ०.३४२ अशी दिसते. बेसबॉल खेळाडूचं कार्ड करणार असाल तर तीच पद्धत पाळा, आपली लावू नका.

तक्त्याखाली दोन ओळींची ओळख लिहायची. कार्डातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि माझं सगळ्यात आवडतंही. "उत्कृष्ट फलंदाज व मनमिळाऊ स्वभाव" असं लिहिलंत तर ते कोणाच्याही कार्डावर चिकटवता येईल. सरदेसाईंच्या कार्डावर मी लिहिलं : "१९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत ६४२ धावा. किंग्स्टनला २१२." विशेषण एकही नाही, तरी वाचणारा थांबतो. गावच्या पोराबद्दलही असंच एखादं नेमकं वाक्य शोधा. आमच्या एका डावखुऱ्या गोलंदाजाच्या कार्डावर आहे : "सकाळी पाव पोहोचवतो, दुपारी नवा चेंडू." ती ओळ त्याच्या आईने सांगितली. घरच्यांना विचारलं की अशा ओळी मिळतात.

आखणी

आजच्या कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. १९५२चं कार्ड याहून किंचित मोठं होतं. टॉप्सने १९५७ला हे माप घेतलं आणि पुढे तेच रूढ झालं. आपणही तेच घ्यावं, कारण नऊ खणांची प्लॅस्टिकची पानं याच मापाची मिळतात.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे चित्र ७५० बाय १०५० पिक्सेलचं झालं. पण कापताना पातं थोडं सरकतंच, म्हणून चारही बाजूंनी पाव इंचाचा अर्धा भाग रंग बाहेर वाढवून ठेवा. एकूण कॅनव्हास ८२५ बाय ११२५ पिक्सेल होईल. तेवढंच अंतर आतल्या बाजूनेही मोकळं सोडा. नाव किंवा आकडा त्या पट्टीत गेला की कापला गेलाच म्हणून समजा. इंकस्केप हे संगणकावरचं आखणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. फोनवरच करायचं असेल तर कॅनव्हा हे ॲप चालेल, फक्त माप आधी स्वतः भरा.

अक्षरांकडे लक्ष द्या. मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीतल्यापेक्षा वेगळं असतं, आणि बरेच फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. आपल्या गावच्या कार्डावर आपलं 'ल' हवं. मागच्या बाजूचा मजकूर सात पॉइंटपेक्षा लहान नको, नाहीतर वेलांट्या आणि अनुस्वार शाईत बुजतात.

फोटो

फोटो भर दुपारी काढू नका, टोपीखालचा चेहरा काळा पडतो. साडेचारनंतर ऊन तिरपं होतं, तेव्हा खेळाडूला उजेडाकडे तोंड करून उभं करा. गुडघ्यावर बसून काढा, म्हणजे मागे उभ्या गाड्यांऐवजी माड आणि आभाळ येतं. जुन्या खेळाडूचा वर्तमानपत्रातला फोटो उचलून वापरू नका, तो कोणीतरी काढलेला असतो. घरच्यांकडचा मागा, किंवा स्वतः रेखाचित्र काढा. मुलांची कार्डं करताना आई-वडिलांना आधी विचारायचं. मोठ्या क्लबांची चिन्हंही घेऊ नका, स्वतःचं चिन्ह काढण्यात जास्त मजा आहे.

पुढच्या बाजूला चित्र, नाव, संघ आणि खेळण्याची जागा एवढंच पुरे. चौकटीला मी चिऱ्याचा तांबूस रंग देतो, आमच्या घरांच्या भिंतींचा. खाली एक फिकट पट्टी सहीसाठी राखून ठेवा.

छपाई आणि कापणी

डिजिटल प्रिंटच्या दुकानात बारा बाय अठरा इंचाचा कागद असतो. वाढीव कडांसह त्यावर १८ कार्डं बसतात : आडवी करून ओळीत तीन, अशा सहा ओळी. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद मागा. फाइल पीडीएफच द्या. मूळ, बदल करता येणारी फाइल दिली आणि दुकानातल्या संगणकात तुमचा फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात. माझ्या एका संचात सगळे 'प्र' सुटे होऊन आले होते, पुन्हा छापावा लागला.

मागची बाजू छापताना ओळीतला क्रम उलटा लावायचा असतो. पुढे १, २, ३ असेल तर मागे ३, २, १. पुस्तकाचं पान उलटल्यासारखं समजा. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून ती दिव्यासमोर धरा. चेहरा आणि त्याचेच आकडे पाठीला पाठ लावून दिसले पाहिजेत.

कापायला पोलादी पट्टी आणि कटरचं नवं पातं घ्या. एका दमात कापू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा.

पावसाळा

इथे गोव्यात छंदाचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी ओढत असतो. नुसत्या पुढच्या बाजूला लॅमिनेशन केलं तर ओल फक्त मागून शिरते, तीच बाजू फुगते आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. म्हणून लॅमिनेशन करायचं तर दोन्ही बाजूंना, नाहीतर मुळीच नको. घरीच पुढची-मागची बाजू चिकटवणार असाल तर पातळ गोंद वापरू नका, दोन्ही बाजूंनी चिकटणारा कागद वापरा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. जमलं तर छपाई दिवाळीनंतरच करा.

कार्डं पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर ओल ओढली असं समजायचं. मग मंद आचेवर गरम करून निळे झाले की परत डब्यात. रबर बँड लावू नका, तो कडांना खाच पाडतो. डबा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, पावसात ती भिंत झिरपते.

प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात वर्ष आणि क्रमांक टाका, आणि तक्त्यात एक ओळ रिकामी ठेवा. आमच्या यष्टिरक्षकाच्या दुसऱ्या वर्षीच्या कार्डावर त्या ओळीत आलं : सामने ११, झेल १४, यष्टिचीत ३. त्याने दोन प्रती मागून घेतल्या. एक स्वतःला, एक आजीला. तिला वाचता येत नाही, म्हणून मागची बाजू त्यानेच तिला वाचून दाखवली.