नाइटलाइफच्या यादीवर वाद घालायचा तर

कुठल्या शहराची नाइटलाइफ सर्वात भारी, अशी यादी आमच्या घरच्या ग्रुपवर पडली की पुढचे दोन दिवस सुट्टी नसते. भाचा बेंगळुरूचा, नणंद पुण्याची, दीर ठाण्याचे. मी व्यावसायिक नाटकांचा कपडेपट सांभाळते. रात्री साडेआठचा प्रयोग साडेअकराला सुटतो, शालू-धोतरं मोजून ट्रंका बसच्या डिकीत जाईपर्यंत साडेबारा. महाराष्ट्रातली आणि बाहेरचीही शहरं मी बहुतेक या वेळेनंतरच पाहिलीत. त्यामुळे या वादात आता मला सहसा कोणी हरवत नाही. कसं ते सांगते.

सगळ्यात आधी आकड्याकडे न बघता, यादी करणाऱ्यांनी विचारलं कोणाला आणि मोजलं काय, ते शोधा. टाइम आउट या शहरांवरच्या मासिकाच्या याद्या मुख्यतः तिथल्याच रहिवाशांच्या पाहणीवर उभ्या असतात. म्हणजे बँकॉकचा माणूस बँकॉकबद्दल बोलतो, मुंबईचा मुंबईबद्दल. दोन्ही शहरांत राहून तुलना करणारा त्यात क्वचितच. ही यादी कोण आपल्या गावावर किती खूश आहे ते सांगते. तेही कामाचंच, पण भाच्याला तेवढ्यावर नाचू देऊ नका.

दुसरा प्रकार गुणांची बेरीज करणारा. इकॉनॉमिस्टवाल्यांचा राहण्यायोग्य शहरांचा निर्देशांक घ्या. त्यात ‘संस्कृती आणि पर्यावरण’ या गटाला 25 टक्के वजन आहे. खाणंपिणं, कला, खेळ सगळं त्याच गटात, आणि हवेतली आर्द्रता, भ्रष्टाचार, सेन्सॉरशिपही त्यातच. मुंबईच्या नाटकांचे गुण आणि मुंबईच्या घामाचे गुण एका पिशवीत! तेव्हा कोणी अशी यादी ‘एंटरटेनमेंट’ म्हणून पुढे केली, की पिशवी उलटी करायला सांगा.

वजनांचा खेळ समजला की अर्धा वाद तुमचा. ग्रुपवर मी हे गणित मांडलं होतं, गुण माझे स्वतःचे, दहापैकी. बसून प्यायच्या जागा: बेंगळुरू 9, मुंबई 7. रात्री घरी पोचायची सोय: बेंगळुरू 4, मुंबई 6. जागांना 80 टक्के आणि परतीला 20 टक्के वजन दिलं तर बेंगळुरू 8, मुंबई 6.8. भाचा खूश. आता जागांना 40 आणि परतीला 60 द्या: बेंगळुरू 6, मुंबई 6.4. एकही पब उघडला नाही, एकही बंद झाला नाही, तरी नंबर फिरला. समोरच्याला हे त्याच्याच हाताने करायला लावा, तुम्ही करून दाखवलं तर तो नुसती गुणांवर हुज्जत घालतो.

मग घड्याळ काढा. इथे जरा थांबा, कारण खरा मसाला इथे आहे.

शहराची रात्र किती लांब, हे बरेचदा कायदा ठरवतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम 2000 सालचा, वर्षातून काही मोजके दिवस बारापर्यंत सवलत. सवाई गंधर्व महोत्सव, पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला, एके काळी रात्रभर चालायचा. लोक पांघरुणं घेऊन बसायचे आणि पहाटेच्या रागांची वाट बघायचे. या नियमानंतर तो दुपारी सुरू व्हायला लागला. म्हणून नणंद ‘पुणे झोपाळू आहे’ हे ऐकून चिडते तेव्हा तिचं बरोबर असतं, पुण्याला झोपवलंय. (पण पुणेकर दुपारीही झोपतात, त्याला कुठला नियम, हे मी तिला विचारलेलं नाही.)

मुंबईचंही तसंच. दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला 2017 च्या राज्याच्या कायद्याने वाट करून दिली, जानेवारी 2020 मध्ये ‘मुंबई 24 तास’चा गाजावाजा झाला. पण बार आणि पब त्यात नव्हते, त्यांची दीडची वेळ तशीच राहिली. तेव्हा ‘मुंबई कधीच झोपत नाही’ म्हणणाऱ्याला विचारा, रात्री दोनला नक्की काय उघडं असतं? मोहम्मद अली रोड म्हणाला तर विचारा, रमजान सोडून?

परतीची वाट हा माझा हुकमाचा पत्ता. मुंबईची शेवटची लोकल साडेबारा-एकच्या आसपास, पहिली चारच्या सुमारास. मधले तीन तास रिक्षावाल्याच्या मर्जीवर. बर्लिनची यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, शुक्रवार-शनिवारच्या रात्री बंदच होत नाही. लंडनने ऑगस्ट 2016 मध्ये आठवड्याच्या शेवटी काही मार्गांवर रात्रभर ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, सुरू केली. या याद्यांत वर दिसणाऱ्या शहरांचं कौतुक करताना लोक क्लबांची नावं घेतात, गाडीचं वेळापत्रक विसरतात. बाईमाणसाला विचारा, ती आधी वेळापत्रक बघते. आणि रात्री काम करणारी कशी घरी जाते तेही विचारा: त्याच 2017 च्या कायद्यात साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरी सोडायची व्यवस्था हवी असं म्हटलंय. ज्या शहरात ही गाडी खरंच येते त्याला मी जास्तीचे गुण देते.

समोरच्याने शेवटी ‘पण आपल्याकडे आहेच काय’ असा सूर लावला, तर यादीत न मोजलेल्या रात्री पुढे टाका. मोजणाऱ्याला तिकीटखिडकी लागते, दारू लागते, निदान बोर्ड लागतो. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते, लालबागची रांग पहाटे तीनला हलत असते. सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार मध्यरात्रीच्या आसपास उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो, संवाद बरेचसे तिथल्या तिथे रचलेले. ते शहर नाही हे मान्य, म्हणून तो मुद्दा फार ताणू नका, समोरचा लगेच पकडतो. आणि मिरवणुकीचे गुण घ्यायचे तर त्या रस्त्यावर आजारी माणूस घेऊन राहणाऱ्याचे गुण कापायलाही तयार राहा. ‘आमच्या गल्लीत येऊन झोपून दाखव’ हा दिरांचा मुद्दा बिनतोड असतो.

‘मग तुझी यादी दे’ असं म्हणतातच. तेव्हा एक वेळ आणि एक गरज ठरवून उत्तर द्या, सगळ्यांसाठी एकच नंबर देऊ नका. माझी वेळ साडेबारा, गरज गरम जेवण. त्यात पहिलं इंदूर: दिवसा सोनं विकणाऱ्या सराफ्याच्या दुकानांसमोर रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) मिळतात, दोन वाजेपर्यंत गर्दी, आणि त्या गर्दीत सासवा, सुना, लहान पोरंही. दुसरी मुंबई, भुर्जीपावच्या गाडीच्या जोरावर. पुणे कितवं ते नणंदेने विचारलं होतं. मी तिला वेळ बदलून विचारायला सांगितलं, सकाळी सातची.