सोलापूरच्या थंडीत घर उबदार कसे ठेवावे: खिडक्यांच्या वेळा आणि थोडा खर्च

घर थंड कसे ठेवावे हे सोलापूरकराला कोणी शिकवावे लागत नाही. मार्च उजाडला की सकाळी दहाच्या आत खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे आणि संध्याकाळी वारा सुटला की सगळे घर सताड उघडायचे, ही सवय इतकी मुरलेली असते की डिसेंबरातही हात आपोआप तेच करतात. म्हणजे दुपारचे फुकटचे ऊन आपण दाराबाहेर अडवतो आणि रात्रीचा गारठा मात्र आत बोलावतो. मग पहाटे चारला पाय पोटाशी घेऊन पडल्या पडल्या हीटर घ्यावा का, याचा हिशेब सुरू होतो. माझ्या मते या गावात निदान ऐंशी टक्के घरांना हीटरची गरज नाही. गरज आहे ती उन्हाळ्याची सवय तीन महिन्यांपुरती उलटी करण्याची.

याचे कारण येथील हवामानात आहे. सोलापूर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. पावसाळा संपला की हवा कोरडी होते आणि आकाश निरभ्र राहते. ढगांचे पांघरूण नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आणि गच्च्या रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात. त्यामुळे डिसेंबरात दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो, तर पहाटे तो १५ अंशांपर्यंत आणि एखाद्या कडाक्याच्या रात्री त्याहूनही पुष्कळ खाली उतरतो. दुपार आणि पहाट यांच्यातील हा फरक मोठा आहे, पण तोच आपल्या कामाचाही आहे, कारण घरासाठी लागणारी ऊब रोज दुपारी अंगणात येऊन पडलेली असते. ती आत घेणे आणि सकाळपर्यंत धरून ठेवणे एवढेच काम उरते.

आता वेळा पाहू. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या थोडा आधी होतो, पण बाहेरची हवा साडेनऊ-दहापर्यंत गारच असते. तोपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात आणि पडदे मात्र पूर्वेकडील ऊन येईल तसे उघडावेत. अकरा ते चार या वेळात सगळ्या खिडक्या उघड्या हव्यात, म्हणजे बाहेरची गरम हवा घरात खेळते आणि भिंती, फरशी, लाकडी सामान हळूहळू तापते. दक्षिणेकडील खिडकीला या काळात विशेष मोल आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सोलापुरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल तर ऊन सहा फूट आतपर्यंत येते आणि वर दीड फुटाचा छज्जा असला तरी साडेचार फुटांपर्यंत पोहोचते. तेवढ्या पट्ट्यातील सतरंजी, टीपॉय आणि कुंड्या बाजूला करून फरशी उघडी ठेवावी, म्हणजे ती उष्णता पिऊन घेते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की हीच खिडकी एक कवडसाही आत येऊ देत नाही, त्यामुळे तिला कायमचा जाड पडदा लावून टाकण्यात काहीच शहाणपण नाही.

सगळ्यात महत्त्वाची वेळ साडेचारची. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, परंतु हवा त्याच्या तासभर आधीच उतरू लागते. आमच्या साखर पेठेतील जुन्या घरात आजी चारनंतर दर पाच मिनिटांनी अंगणातल्या सावलीकडे पाहायची आणि सावली तुळशीकट्ट्याला टेकली की, "दिवस कलला, खिडक्या लाव की गं," अशी हाक यायची. डासांसाठी ती ओरडते, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. डास तर अडतच, पण त्या घराच्या दीड हात रुंदीच्या दगडी भिंती रात्री उशिरापर्यंत कोमट लागत, त्याचे कारण ती हाक होती, हे जुळे सोलापूर या नव्या वस्तीत सिमेंटच्या घरात राहायला गेल्यावर मला कळले.

खिडक्या वेळेवर लावूनही गारठा येत असेल तर फटी शोधाव्यात. रात्री दिवा मालवून उदबत्ती पेटवावी आणि दार-खिडक्यांच्या कडांजवळून सावकाश फिरवावी. जिथे धूर सरळ वर न जाता आत ढकलला जातो, तिथे फट आहे. बहुतेक घरांत मुख्य दोषी दाराखालची फट असते. तीन फूट रुंद दाराखाली एक सेंटीमीटर जागा असेल तर ती सुमारे नव्वद चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे भिंतीला साडेनऊ सेंटीमीटर लांबी-रुंदीचे चौकोनी भोक पाडून ठेवल्यासारखेच. यावर उपाय अगदी साधा आहे. जुन्या पँटचा एक पाय कापून त्यात कोरडी वाळू किंवा चिंध्या भराव्यात, दोन्ही टोके शिवून टाकावीत आणि हे लोड रात्री दाराशी आडवे टाकावे. खिडकीच्या झडपांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची पट्टी चिकटवावी. तिचा खर्च किरकोळ आहे आणि उन्हाळ्यात तीच पट्टी झळा आणि धूळ अडवते. पडदे नवे घेण्याची गरज नाही. दोन जुन्या सुती साड्या एकावर एक शिवून, खाली जमिनीला टेकतील इतक्या लांब सोडल्या तरी काम होते. न्हाणीघराच्या झरोक्यातील काचा उघड्या राहत असतील तर न्हाणीघराचे दार रात्री लावून घ्यावे.

छपराचा प्रश्न घरागणिक वेगळा आहे. जिल्ह्यातील खेड्यांत अजून तग धरून असलेल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांना काही करावे लागत नाही, कारण मातीचा जाड थर दिवसाची ऊब सावकाश खाली सोडतो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. उन्हाळ्यासाठी गच्चीला चुना मारायचा तो फेब्रुवारी संपल्यावर मारावा, कारण पांढरी गच्ची ऊन परतवते आणि हिवाळ्यात तेच आपल्याला नको असते. दुसरे म्हणजे झोपण्याची खोली हंगामापुरती बदलावी: उत्तरेची बाहेरची भिंत सोडून पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीची खोली निवडावी, कारण तिच्यावर दुपारभर ऊन असते. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर तरी लांब असावा.

खरी अडचण पत्र्याच्या घरांची आहे. पत्रा सूर्य मावळताच गार पडतो आणि मध्यरात्रीनंतर वरून थंडी ओतावी तसे वाटते. पूर्व भागातील कामगारवस्त्यांत यावर जुना उपाय दिसतो, तो म्हणजे पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून कापडाचे, बारदानाचे किंवा बांबूच्या तट्ट्यांचे छत ताणणे. मधली कोंडलेली हवा हेच येथे पांघरूण असते, म्हणून छत पत्र्याला चिकटवू नये आणि कडेच्या फटी बुजवून घ्याव्यात. हेच छत एप्रिल-मे महिन्यांतही उपयोगी पडते. थर्मोकोल स्वस्त असले तरी ते पटकन पेटते आणि वितळून खाली गळते, तेव्हा ज्या खोलीत चूल किंवा गॅस आहे तिथे ते लावूच नये.

आता अंथरुण-पांघरुणाकडे वळते, आणि येथे जरा सविस्तर लिहिते, कारण चादरीच्या गावात राहूनही आपण चादर वापरायला चुकतो. शहाबादी फरशीवर किंवा टाईल्सवर पातळ गादी टाकून झोपणारा माणूस वरून कितीही पांघरला तरी त्याला खालून थंडी वाजते. दगड अंगातली उष्णता ओढून घेतो आणि शरीराच्या भाराने गादीतला कापूस दबलेला असल्यामुळे तो फारसे अडवू शकत नाही. म्हणून पहिला खर्च खाली करावा. गादीखाली घोंगडी अंथरावी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची राठ घोंगडी अंगाला टोचते, पण गादीखाली ती अचूक बसते. घोंगडी नसेल तर वाकळ चौघडी करून टाकावी, आणि तीही नसेल तर वर्तमानपत्रांचा बोटभर थर अंथरावा. कापसाची गादी चपटी झाली असेल तर नवी घेण्याऐवजी ती पिंजून घ्यावी. फुललेल्या कापसात हवा धरली जाते आणि ऊब ती हवाच देते.

वरच्या पांघरुणाचाही क्रम असतो. एका जाड रजईपेक्षा दोन-तीन थर बरे, कारण प्रत्येक दोन थरांमध्ये हवा अडकते. अंगालगत मऊ, सैल वाकळ किंवा शाल घ्यावी आणि सर्वांत वर सोलापुरी चादर टाकावी, कारण तिची घट्ट वीण वारा आत येऊ देत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीच्या नावाखाली बाहेरचा मालही विकला जातो, तेव्हा घेताना ती उलटून पाहावी. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते आणि मागच्या बाजूला तिचे रंग उलटे होतात. एकाच बाजूला छापलेली नक्षी असेल तर ती ठेवून द्यावी. सूत ओळखायचे असेल तर कडेचा एक धागा काढून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. विणीत किरकोळ दोष राहिलेला 'सेकंड' माल मिळाला तर तो बिनदिक्कत घ्यावा. एखादा सुटलेला धागा रात्री कोणाला दिसत नाही.

ही धागा पेटवण्याची खबरदारी मी एके वर्षी घेतली नव्हती. रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून 'शुद्ध लोकर' म्हणून दोन ब्लँकेटे आणली आणि त्या रात्री दिवा मालवून ब्लँकेट ओढले तर त्यातून तडतड आवाज येऊन निळसर ठिणग्या उडाल्या. मुले खूश झाली. ठिणग्या पाहण्यासाठी ती ब्लँकेट पुन्हा पुन्हा ओढत राहिली. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्यांत असे होतेच आणि त्याने सहसा इजा होत नाही, पण लोकरीचे पैसे देऊन पॉलिस्टर घेतल्याची बोच राहिलीच.

अंथरूण-पांघरूण रोज नाही तरी एक दिवसाआड उन्हात टाकावे. बारा ते तीन ही वेळ योग्य आहे. सुताने रात्री शोषलेला घाम वाळतो आणि कापूस फुलतो. मात्र चारच्या आत ते गुंडाळून आत आणावे आणि गादीवर घालून वरून झाकून ठेवावे. सहापर्यंत दोरीवर राहिलेली चादर पुन्हा गार होऊन घरात येते आणि दुपारची सगळी मेहनत फुकट जाते.

विजेबद्दल थोडक्यात सांगते. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. रोज आठ तास चालवला तर महिन्याला ४८० युनिट होतात, आणि घरगुती वीजबिलात शंभर युनिटनंतर आणि पुन्हा तीनशे युनिटनंतर दर वाढत जातो हे ध्यानात ठेवावे. त्याउलट झोपलेला माणूस स्वतः सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देत असतो. चौघे एका खोलीत झोपले तर जवळपास तीनशे वॅटची शेगडी फुकट पेटलेली असते, म्हणून कडाक्याच्या चार रात्री सगळ्यांनी एकाच खोलीत अंथरुणे टाकावीत आणि एक झडप बोटभर उघडी ठेवावी. अंघोळीसाठी वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धा युनिट लागतो. काळ्या रंगाची झाकणाची बादली दुपारभर गच्चीवर ठेवली तर त्यातलाही बराच वाटा वाचतो. लहान मुलांना तर दुपारी तीनलाच त्या पाण्याने अंघोळ घालावी. पाण्यात हीटिंग रॉड असताना बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोट घालू नये.

एका बाबतीत मात्र काटकसर अजिबात करू नये. कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचे घमेले किंवा गॅसची शेगडी बंद खोलीत ऊब घेण्यासाठी कधीही ठेवू नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो त्याचा जीव घेऊ शकतो. धूर दिसत नाही म्हणजे निखारे सुरक्षित आहेत, हा समज घातक आहे. शेकोटी अंगणातच पेटवावी, शेकून झाल्यावर निखारे पाणी ओतून विझवावेत, आणि मगच घरात जाऊन दार लावावे.

म्हाताऱ्या माणसांचे आणि तान्ह्या बाळांचे शरीर लवकर गार पडते, म्हणून त्यांच्यासाठी अंथरूण आधीच कोमट करून ठेवावे. रबरी पिशवी नसली तरी चालते. जाड मीठ किंवा बारीक वाळू तव्यावर भाजून दुहेरी कापडाच्या पुरचुंडीत बांधावी आणि झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे गादीत पायांच्या जागी ठेवावी. बाळाला अंथरुणात ठेवण्याआधी ती पुरचुंडी बाहेर काढावी आणि गादीला आपल्या मनगटाची आतली बाजू लावून पाहावी. मोठ्यांना डोक्याला टोपी किंवा स्कार्फ आणि पायांत मोजे पुरतात. रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी किंवा हुलग्याचे गरम माडगे असेल तर उत्तमच, आणि भाकऱ्या रात्री आठला थापल्या तर तव्याची धग झोपण्याच्या वेळेपर्यंत घरात राहते. फक्त गॅस चालू असेपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी आणि तो बंद झाल्यावर ती लावून आतल्या खोलीचे दार उघडावे.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतून रात्री परतताना स्वेटर लागतोच, पण त्यानंतर ऊन हळूहळू चढू लागते. रथसप्तमीच्या सुमारास दुपारी घरात उकडायला लागले की खिडक्यांच्या वेळा पुन्हा बदलाव्यात. फोमच्या पट्ट्या आणि पत्र्याखालचे छत तसेच राहू द्यावे, आणि घोंगडी दोन दिवस उन्हात तापवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीच्या तळाशी ठेवून द्यावी.