ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिसचा आवाज: म्यूटपासून वाह-वाहपर्यंत

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससारखा आवाज काढायचा तर सुरुवात १९५० च्या दशकातल्या म्यूटपासून करा, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडात बसवायच्या, आवाज दाबणाऱ्या टोपणापासून. अॅल्युमिनियमचा हार्मन म्यूट घ्या आणि मधली नळी काढून टाका; ती राहिली की कार्टूनमधला 'वाँव-वाँव' आवाज येतो. म्यूटच्या कडेच्या बुचावर तोंडाची वाफ सोडा, ट्रम्पेटमध्ये बसवून किंचित पिळा. कोरडं बूच हमखास ऐन सोलोत निसटतं.

आता सूर चढलेला लागेल. मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) थोडी बाहेर ओढून ट्यूनरवर तपासा. पेटीशी जुळवायचं तर ट्रम्पेटचा सी म्हणजे काळी पाच. म्यूट काढल्यावर स्लाइड परत आत ढकला, हे बरेच जण विसरतात.

माइक म्यूटच्या भोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर हवा. लांब ठेवलात तर नुसती चिरकी धार उरते. ऐकू येत नाही म्हणून जोरात फुंकू नका, माइक वाढवा. स्वर सरळ धरा, कंप नको. खरी कसोटी इथेच आहे, कारण कंपाखाली झाकलेला बेसूर आता उघडा पडतो.

१९७० च्या सुमाराचा आवाज हवा असेल तर म्यूट बाजूला ठेवा. पिकअप (ट्रम्पेटला बसवलेला छोटा माइक), प्रीअॅम्प (त्याचा कमजोर सिग्नल वाढवणारा), वाह पेडल (पायाने दाबून आवाज 'वाह' असा उघडझाप करणारं), गिटारचा अॅम्प, याच क्रमाने जोडा. साधा माइक थेट पेडलला लावला तर इम्पीडन्स (विद्युत रोध) जुळत नाही, आवाज मरतो. अॅम्पचं तोंड स्वतःकडे नको, शिट्टी मारेल. पेडल प्रत्येक ठोक्याला हलवू नका, वाक्यांशाच्या शेवटी उघडा. माइल्सच्या १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर' या अल्बममध्ये बादल रॉय यांच्या तबल्यासोबत ट्रम्पेट किती कमी वाजतो, तेही ऐका.