कोकणात फोटो बिघडतात कुठे? किनाऱ्यावरच्या या चुका टाळा

मालवणच्या धक्क्यावर दुपारी चारच्या सुमारास थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रसंग पुन्हा पुन्हा पाहायला मिळतो. किल्ला पाहून परतलेली मंडळी मागे वळून सिंधुदुर्गाचा फोटो घेतात, स्क्रीनवर पाहतात, नाक मुरडतात आणि आणखी चार फोटो घेतात. प्रत्येक फोटोत तट काळा पडलेला असतो, आकाश पांढरेफटक झालेले असते आणि डोळ्यांना दिसणारा समुद्राचा रंग कुठेच उतरलेला नसतो. मग मोबाइलच्या नावाने बोटे मोडली जातात. वास्तविक चूक वेळेची असते. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे; दुपार कलली की सूर्य समुद्राच्या अंगाला उतरतो, किल्ल्याच्या मागे जातो आणि तटाची आपल्याकडची बाजू सावलीत राहते. तोच तट सकाळी आठ-नऊला पाहावा. सह्याद्रीच्या बाजूने आलेले ऊन तेव्हा त्याच्यावर समोरून पडलेले असते आणि बुरुजांची गोलाई, दगडांच्या सांधी, तळाशी फुटणारी लाट हे सगळे एकाच फोटोत नीट येते. हर्णैवरून दिसणारा सुवर्णदुर्ग असो किंवा राजपुरीवरून दिसणारा जंजिरा असो, सर्वत्र हाच नियम लागू पडतो. सहलीचा कार्यक्रम आखताना किनाऱ्यावरून जलदुर्ग पाहणे सकाळी ठेवावे आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, संध्याकाळी ठेवावी. एवढ्या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा नवा कॅमेरा घेऊनही पडत नाही.

संध्याकाळीच किल्ल्यासमोर पोहोचला असाल, तर तट उजळ आणण्याचा हट्ट सोडून द्यावा. स्क्रीनवर आकाशावर बोट थोडा वेळ दाबून धरले की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतल्या जाणाऱ्या उजेडाचे प्रमाण, तिथेच लॉक होते. त्यानंतर बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढावे. आकाशाचे रंग परत येतात आणि किल्ला स्वच्छ काळ्या आकृतीसारखा उठून दिसतो. काळे करायचेच असेल तर ते ठरवून, पूर्ण काळे करावे. अर्धवट काळपट तट आणि अर्धवट फिके आकाश यांच्या मधल्या फोटोला काहीच चव नसते.

सूर्यास्ताच्या फोटोत होणारी सर्वांत मोठी चूक मात्र सूर्य बुडाल्यावर होते: लोक निघून जातात. रत्नागिरीच्या परिसरात जूनमध्ये सव्वासातच्या आसपास आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम दोन-अडीच मिनिटे मिळतात. या दोन मिनिटांसाठी सगळी गर्दी असते. हिवाळ्यात तर क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यामुळे बिंब पाण्याला टेकण्याआधीच विरून जाते आणि मंडळी हिरमुसून गाडीकडे वळतात. परंतु ढगांना खालून उजेड मिळतो तो त्यानंतर, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे आकाश आणि ओली वाळू यांच्या उजेडातला फरक इतका कमी झालेला असतो, की साधा मोबाइलही दोन्ही सांभाळू शकतो. त्या वेळी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नये. कॅमेऱ्याला तांबडा उजेड ही चूक वाटते आणि तो ती इमानेइतबारे दुरुस्त करतो, त्यामुळे केशरी संध्याकाळ राखाडी होऊन बाहेर पडते. डेलाइटची खूण निवडली किंवा मोबाइलच्या प्रो मोडमध्ये ५२०० ते ५५०० केल्विनच्या दरम्यान आकडा ठेवला, की रंग डोळ्यांनी पाहिले तसे राहतात.

आता भरती-ओहोटीविषयी, कारण किनाऱ्यावरच्या फोटोत पाणी कुठे आहे यावर सगळी मांडणी अवलंबून असते आणि पर्यटकांना त्याचा पत्ताच नसतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हे गणित ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, पण फोटोसाठी तेवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे ओहोटीही दूरवर जाते आणि सूर्यास्ताच्या वेळी समोर लांबच लांब ओली, आरशासारखी पुळण मिळते. माणसांची, होड्यांची, आकाशाची प्रतिबिंबे हवी असतील तर हेच दिवस गाठावेत. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी वर आलेले असते, पुळण अरुंद होते आणि खडकांवर लाटा फुटताना मिळतात. मात्र पाणी चढत असताना खडकांवर जाऊन समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. सातवी-आठवी लाट मोठी येते असे म्हणतात. आकडा खरा असो वा नसो, मोठी लाट येते आणि ती सांगून येत नाही.

लाटांचे फोटो हाललेले येतात, ही तक्रारही नेहमीची आहे. उडालेले तुषार थिजवायचे असतील तर शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवे. पाणी दुधासारखे पसरलेले हवे असेल तर अर्धा ते एक सेकंद लागतो आणि मग ट्रायपॉडशिवाय गत्यंतर नाही. बिघाड होतो तो १/३० सारख्या मधल्या वेगाला, जिथे पाणी ना थिजते ना वाहते. ओल्या वाळूत ट्रायपॉड ठेवला की परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि तो हळूहळू खचत राहतो. पाय आधीच जोर देऊन खोल रोवावेत आणि लाट येऊन गेल्यावर काही क्षण थांबूनच फोटो घ्यावा. हलत्या होडीतून काढताना ट्रायपॉडचा काहीच उपयोग नाही, तिथे १/५०० च्या खाली येऊ नये.

क्षितिज तिरके येणे हा दोष तर कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेषा सुरू केल्या की संपतो. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

पांढऱ्या वाळूचे आणि जांभ्याचे गणित मात्र समजून घ्यावे लागते. कॅमेरा समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून उजेड मोजतो. त्यामुळे उन्हात चमकणारी पुळण किंवा फेसाळ पाणी फ्रेमभर असेल, तर तो फोटो अंधारा करतो आणि वाळू राखेसारखी दिसते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याचा आकडा, अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक ठेवावे. उलट पावसाने भिजून काळवंडलेला कातळ किंवा माडांच्या बनातला गडद अंधार असेल, तर कॅमेरा तो उगाच उजळवतो आणि कातळ धुतल्यासारखा फिका पडतो. तिथे आकडा शून्याच्या खाली न्यावा.

कातळावरूनच कातळशिल्पांकडे येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळांवरची, ही कोरीव चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली आणि तेव्हापासून बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी येथे हौशी छायाचित्रकारांची वर्दळ वाढली. बहुतेक जण जेवणाच्या आधी, म्हणजे भर बाराला पोहोचतात आणि घरी गेल्यावर फोटोत रेषाच दिसत नाहीत म्हणून खंतावतात. ही शिल्पे सपाट जांभ्यात उथळ कोरलेली आहेत. ऊन डोक्यावरून पडले की खाचेत सावली उरत नाही आणि कोरलेला व न कोरलेला दगड एकच दिसतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना, साडेसात-आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन आडवे सरपटत येते, खाचेच्या एका काठाची सावली तळावर पडते आणि कशेळीच्या हत्तीसारखी सुमारे १८ मीटर लांबीची आकृतीसुद्धा डोळ्यांपुढे उभी राहते. उन्हाच्या दिशेशी काटकोनात उभे राहून काढावे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, चुना किंवा रंग भरण्याचा प्रकार कोणीही करू नये, आणि चांगला कोन मिळावा म्हणून शिल्पावर पाय देऊन उभे राहणे ही तर चूक नव्हे, बेपर्वाई आहे.

माणसांचे फोटो काढताना होणाऱ्या चुका तांत्रिक कमी आणि रीतीच्या अधिक असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना दोन्ही बाजूंचे दोर ताणलेले असतात, माणसे मागे रेलून वाळूत टाचा रोवत एकेक पाऊल सरकत असतात, आणि नेमके त्याच वेळी कोणीतरी दोर ओलांडून मध्ये येते. ‘बाजूक सरा’ असे एकदा मऊपणे सांगितले जाते, दुसऱ्यांदा तितके मऊपणे नाही. शेवटच्या माणसाच्या मागे बाजूला, गुडघ्यावर बसून पाहिले तर ताणलेला दोर फ्रेमच्या एका कोपऱ्यातून निघून थेट समुद्रात जाताना दिसतो, ओढणाऱ्यांच्या पाठी एकामागून एक रांगेत येतात, आणि कोणाच्या कामात आपण आडवेही येत नाही. चेहऱ्यांचे फोटो मासळी किनाऱ्याला लागल्यावर, विचारून काढावेत.

रात्रीच्या दशावताराचे फोटो बिघडतात ते फ्लॅशमुळे. फ्लॅशचा सपाट उजेड रंगभूषेची सारी छटा खाऊन टाकतो, मागच्या पडद्याच्या सुरकुत्या दाखवतो आणि नटाचे लक्ष विचलित करतो ते वेगळेच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत निःशंकपणे चढवावा. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. पार्श्वभूमी काळोखी असल्यामुळे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा पांढरा फटफटीत येतो, म्हणून फ्रेममधल्या एका लहान भागाचाच उजेड मोजणारे स्पॉट मीटरिंग लावून चेहऱ्यावरच उजेड मोजावा. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात; शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे जातात. एवढ्या मंद वेगात लढाईचे नृत्य धूसर येईल हे खरे, पण नट पवित्रा घेऊन झांजेच्या ठोक्यावर क्षणभर थबकतो, तो क्षण ओळखायला दोन प्रवेश नुसते पाहत बसावे लागते. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात तिथेही फ्लॅश बंदच असला पाहिजे, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि वाट चुकतात.

गणपतीत घरोघरी आणखी एक गोंधळ होतो. समईचा पिवळा उजेड, ट्यूबचा निळसर उजेड आणि माळांचे रंगीत दिवे एकत्र आले, की कोणताही व्हाइट बॅलन्स सगळ्यांना न्याय देऊ शकत नाही. दोन मिनिटांसाठी ट्यूब बंद करावी. मूर्ती आणि माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर बांधलेल्या चौकटीला, टांगलेली फळे समईच्या उजेडात आपोआप जमून येतात.

पावसाळ्यात हिरवा रंग हवा तसा येत नाही, याचे कारण ओल्या पानांवर पडलेली पांढऱ्या आकाशाची चकाकी हे आहे. पोलरायझर फिल्टर फिरवून ती चकाकी काढता येते. तो उजेड एक ते दोन स्टॉपने खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे), म्हणून शटरवर नजर ठेवावी. उघडीप असताना आकाशासाठी तो सूर्याशी काटकोनात सर्वाधिक चालतो, म्हणजे संध्याकाळी किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला किंवा दक्षिणेला पाहताना. मावळत्या सूर्याकडे रोखून तो लावणे व्यर्थ आहे.

शेवटी सामानाची काळजी, आणि येथे माझीच चूक सांगतो. एका वर्षी पहिल्या पावसानंतर मी लेन्स तिच्या चामडी पाकिटात घालून लाकडी कपाटात ठेवली आणि थेट चतुर्थीला बाहेर काढली. वरून ती स्वच्छ होती. टॉर्च मागून धरल्यावर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले तंतू दिसले. दुरुस्तीवाल्याने बुरशी काढली, परंतु तिने काचेवरचा थर जिथे खाल्ला होता, तिथला डाग कायमचा राहिला. चामडे ओल धरते, म्हणून ते पाकीट पावसाळ्यात वापरू नये. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि शेदोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील हे पाहावे, कारण ६० च्या वर बुरशीला रान मोकळे होते. केशरी जेलचा रंग बदलला, की ते गरम करून सुकवावे आणि पुन्हा वापरावे.

वातानुकूलित गाडीतून उतरताच लेन्सवर धुके धरते, तेव्हा कापडाने पुसत बसू नये. उतरण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि बाहेर अर्धा तास तसाच ठेवावा. बाष्प पिशवीवर साचते, काचेवर नाही. समुद्रावर वाऱ्याने लेन्सवर खारट थर बसतो आणि मोबाइलच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतो, त्यामुळे दिव्यांभोवती पसरट किरणे येतात. वाळूचे कण असतील तर आधी ब्लोअरने उडवावेत, नंतरच किंचित ओलसर मऊ कापड फिरवावे. शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे काचेवर पॉलिशपेपर फिरवणे होय. ‘वॉटरप्रूफ’ मोबाइलची चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते, खाऱ्या नव्हे. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि सांधे पूर्ण वाळल्यावरच ते पुन्हा मिटावेत.