व्यवसायासाठी सौर संच: सबसिडी नसली तरी सवलती कोणत्या आणि त्या कशा मिळवाव्यात

दुकानदार आणि लघुउद्योजकांकडे सौर संचाचा प्रस्ताव घेऊन येणारे काही विक्रेते ‘७८ हजारांची सबसिडी’ बोलण्याच्या ओघात पुढे करतात. ही सबसिडी व्यावसायिक जोडणीला मिळत नाही, हे कोणताही व्यवहार करण्यापूर्वी पक्के ध्यानात घ्यावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ घरगुती ग्राहकांसाठी आहे. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात, आणि तेथेच ७८,००० ची मर्यादा संपते. गृहनिर्माण संस्थांना सामायिक दिवे, पाण्याचे पंप, लिफ्ट यांच्या मीटरसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये मिळतात. तळमजल्यावर दुकान आणि वर घर असेल, तर घराच्या मीटरवर या योजनेचा लाभ घेता येईल, दुकानाच्या मीटरवर नाही.

व्यवसायाला मिळणारा लाभ प्राप्तिकर, जीएसटी, मीटरची व्यवस्था आणि कर्ज यांत विखुरलेला असतो. त्यातला मोठा भाग तुम्ही किती नफा दाखवता आणि कोणत्या पद्धतीने कर भरता यावर अवलंबून असतो. त्यामुळे छताचे मोजमाप करण्याआधी गेल्या वर्षीचे विवरणपत्र आणि बारा महिन्यांची वीजबिले काढून चार्टर्ड अकाउंटंटसमोर बसावे.

सर्वांत मोठी सवलत घसाऱ्याची, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी दरवर्षी करपात्र नफ्यातून वजा होणाऱ्या रकमेची आहे. सौर संचावर प्राप्तिकरात दरवर्षी उरलेल्या मूल्याच्या ४० टक्के घसारा मिळतो, तर सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के मिळतो. हा दर पूर्वी ८० टक्के होता आणि एप्रिल २०१७ पासून तो निम्म्यावर आला. म्हणून जुन्या माहितीपत्रकातील आकडेमोडीवर विसंबू नये. समजा, एका भागीदारी संस्थेने जीएसटी वगळता २० लाख रुपयांचा संच बसवला. पहिल्या वर्षी ८ लाखांचा घसारा मिळेल आणि उपकरासह ३१.२ टक्के दराने २,४९,६०० रुपये कर वाचेल. दुसऱ्या वर्षी उरलेल्या १२ लाखांवर ४.८ लाख घसारा, म्हणजे १,४९,७६० रुपयांची बचत होईल, आणि तिसऱ्या वर्षी ८९,८५६ रुपये वाचतील. तीन वर्षांत जवळपास ४ लाख ८९ हजार रुपये, म्हणजे किमतीचा सुमारे चौथा हिस्सा, कराच्या रूपाने हाती राहतो. उत्पादन करणाऱ्या संस्थेला नव्या यंत्रसामग्रीवर पहिल्या वर्षी आणखी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळू शकतो. मात्र सवलतीच्या २२ टक्के दराचा पर्याय घेतलेल्या कंपन्या आणि नव्या करप्रणालीतील वैयक्तिक व्यावसायिक यांना हा अतिरिक्त भाग घेता येत नाही.

या आकड्यांबरोबर दोन गोष्टी विक्रेते सहसा सांगत नाहीत. १५ टक्के दरानेही घसारा मिळालाच असता, फक्त तो अधिक वर्षांत पसरला असता. म्हणजे ४० टक्क्यांचा खरा फायदा पैसा लवकर हाती येण्याचा आहे. शिवाय वीजबिल घटल्यावर खर्च कमी होतो, नफा वाढतो आणि त्या वाढीव नफ्यावर करही लागतो. म्हणून ‘चार वर्षांत पैसे वसूल’ असा कागद समोर आला, तर तो करपूर्व आहे की करोत्तर, हे विचारावे.

तारखेलाही येथे मोठे महत्त्व आहे. मालमत्ता आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. पूर्ण घसारा हवा असेल, तर संच ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत वापरात आलेला असावा लागतो. पत्र्याच्या शेडवर पावसाळ्यात काम रेंगाळते आणि मीटर बदलण्याची प्रक्रियाही वेळ घेते. हे दोन्ही धरून खरेदीचा आदेश मे महिन्याच्या पुढे ढकलू नये. बीजक कोणत्या तारखेचे आहे यापेक्षा संच प्रत्यक्ष वापरात कधी आला हे सिद्ध करणे महत्त्वाचे असते. त्यासाठी कार्यान्वयनाचा अहवाल आणि वीज कंपनीचे पत्र जपून ठेवावे.

प्रत्यक्ष नफ्याऐवजी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतके उत्पन्न गृहीत धरून कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना हा मार्ग बंद आहे, कारण त्या पद्धतीत घसारा आधीच दिला गेला असे मानले जाते. धर्मादाय रुग्णालये आणि शाळा यांची अडचण वेगळी आहे: करपात्र नफाच नसेल, तर घसाऱ्यातून वाचणार काय? अशा संस्थांनी स्वतः भांडवल घालण्याऐवजी विकासकाने खर्च करून संच उभारावा आणि ठरलेल्या दराने वीज विकावी, हा करार तपासून पाहावा. घसाऱ्याचा लाभ विकासक घेतो, आणि तो दरात किती उतरला आहे, हे दोन-तीन विकासकांचे प्रस्ताव शेजारी ठेवल्यावर कळते. हे करार बहुधा दीर्घ मुदतीचे असतात. दरवर्षीची दरवाढ, मधूनच करार सोडल्यास द्यावी लागणारी रक्कम आणि छताची गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

जीएसटीचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. साहित्य व उभारणी यांचे एकत्रित कंत्राट असेल, तर ७० टक्के रक्कम वस्तू आणि ३० टक्के सेवा धरली जाते, आणि सेवेच्या भागावर १८ टक्के लागतो. २० लाखांच्या कंत्राटावर असा एकूण १,७८,००० रुपये, म्हणजे ८.९ टक्के कर होतो. वीज करपात्र व्यवसायासाठी वापरली जात असेल, तर हा कर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून घेता येतो, म्हणजे स्वतःला भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. मात्र ज्या रकमेचे क्रेडिट घेतले, तिच्यावर घसारा मागता येत नाही. कंपोझिशन योजनेतील (उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणारे) दुकानदार, ५ टक्के दराने कर आकारणारी उपाहारगृहे आणि करमुक्त सेवा देणारी रुग्णालये यांना हे क्रेडिट मिळत नाही. त्यांनी जीएसटी किमतीतच धरावा.

मीटरच्या व्यवस्थेतील लाभ वर्षानुवर्षे मिळत राहतो, आणि नेमका तेथेच अंदाज सर्वांत जास्त चुकतो. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला साधारण १,४०० युनिट वीज देतो. ही वीज जागेवरच वापरली, तर तेवढे युनिट बिलातून कमी होतात. उरलेली ग्रिडला जाते आणि नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेल्या व ग्रिडकडून घेतलेल्या युनिटची वजाबाकी करणाऱ्या मीटर व्यवस्थेत, बिलातून वजा होते. केंद्रीय नियमांनुसार नेट मीटरिंगची सोय ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत आहे. परंतु दहा किलोवॉटपेक्षा अधिक मागणी असलेल्या व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार वीजदर लागू करण्याचे नियम २०२३ मध्ये आले. त्यांनुसार सौर तासांतील, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळेतील, दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. म्हणजे दुपारी वाचलेल्या युनिटची किंमत बिलातील सरासरी दराइतकी नसते. बचतीचा हिशेब दिवसाच्या दराने करावा, आणि दुपारी दिलेले युनिट संध्याकाळच्या वापरातून वजा होतात की नाही, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशात पाहावे. इचलकरंजीत रात्रपाळीने चालणारा माग कारखाना आणि जळगावात दिवसा चालणारी डाळमिल यांचे वार्षिक युनिट सारखे असले, तरी दोघांचा परतावा सारखा येणार नाही. सौर संचाने स्थिर आकार किंवा मागणी आकारही फारसा कमी होत नाही.

अर्ज महावितरणकडे किंवा आपल्या भागातील वीज कंपनीकडे करावा. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाशिवाय मान्य समजण्याची तरतूद २०२४ पासून आहे, तर त्यापुढील संचांसाठी अभ्यासाची मुदत पंधरा दिवसांची आहे. पॅनेल केंद्राच्या एएलएमएम यादीतील (मान्यताप्राप्त मॉडेल व उत्पादकांच्या यादीतील) असावेत आणि त्यांचे अनुक्रमांक बीजकावर यावेत, असा आग्रह धरावा.

कर्जाबाबत बँकेशी बोलताना अक्षय ऊर्जा प्रकल्पांना ३५ कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज प्राधान्य क्षेत्रात (ज्याला ठरावीक प्रमाणात कर्ज देणे बँकांना बंधनकारक असते) मोडते, हे सांगून दर मागावा. तारण नसलेल्या सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसई या कर्जहमी न्यासाच्या हमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये आहे. हमीचे शुल्क मात्र व्याजात मिळवून पाहावे. कर्जाची मुदत अशी ठरवावी की हप्ता दरमहा वाचणाऱ्या बिलाच्या जवळपास राहील.

छत अपुरे असलेल्या कारखान्यांना दुसरीकडे उभारलेल्या प्रकल्पाची वीज आणता येते. हरित खुल्या प्रवेशाच्या, म्हणजे वीज कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या उत्पादकाची हरित वीज आणण्याच्या, २०२२ च्या नियमांनी त्यासाठीची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल घेऊन त्यातली ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तर तो स्ववापराचा प्रकल्प मानला जातो आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेची भरपाई म्हणून घेतला जाणारा आकार) लागत नाही. वहन आकार आणि वहनातील तूट मात्र द्यावीच लागते. म्हणून विकासकाने सांगितलेल्या दरात हे सर्व आकार मिळवून कारखान्याच्या मीटरपाशी पडणारा दर लेखी मागावा, आणि तुलना त्याच दराची करावी.