आइल ऑफ मॅनचे सोन्याचे नाणे घरी कसे तपासावे

आयरिश समुद्रातल्या या छोट्या बेटाची सोन्याची नाणी देखणी, आणि म्हणूनच मुलाम्याची नक्कलही भरपूर. विकत घेण्याआधी ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, बारीक दोरा आणि प्लास्टिकचा छोटा पेला जवळ ठेवा.

आधी कोणते नाणे आहे ते ओळखा. १९८४ चे एक औंसाचे 'एंजल' (मायकेल देवदूत ड्रॅगनला मारताना) २२ कॅरेटचे असते. १९८८ पासूनचे एक औंसाचे 'क्राउन' (मांजराचे चित्र असलेले) ९९९.९ शुद्धतेचे. दोन्हींत शुद्ध सोने ३१.१ ग्रॅमच, पण एंजलमध्ये मिश्रधातू असल्याने त्याचे वजन ३३.९३ ग्रॅम भरते. जास्त भरले म्हणून ते खोटे समजू नका, आणि दर ठरवताना ३३.९३ ला शुद्ध सोन्याच्या भावाने गुणू नका. इथे हमखास फसगत होते.

नाणे कडेनेच धरा. प्रूफ नाणे (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले) त्याच्या प्लास्टिकच्या कॅप्सूलबाहेर काढूच नका. पुसणे, घासणे तर अजिबात नको. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात. कडी डाक देऊन बसवली असेल तर वजनाची तपासणी निरुपयोगी.

मग पाण्याची चाचणी. पेल्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला (नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत). पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याने नाणे पूर्ण बुडवा. तळाला वा कडेला टेकले तर आकडा चुकतो. दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सारलेले पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. एंजलला काट्यावर साधारण १.९२ आकडा यायला हवा, म्हणजे घनता १७.७ च्या आसपास. एक औंसाच्या मांजराला १.६१, म्हणजे १९.३. तांबे-निकेलचे मांजर-क्राउन मुळात २८.२८ ग्रॅमचे असते. त्यावर मुलामा चढवला तर आकडा ३.२ च्या जवळ जातो, आणि फसवणूक तिथेच उघडी पडते.

१/२५ औंसाच्या १.२४ ग्रॅमच्या नाण्याला ही चाचणी लावू नका. ०.०६ आणि ०.०७ या दोन आकड्यांत घनता २०.७ वरून १७.७ वर येते.

टंगस्टनची घनता १९.२५. त्यामुळे शुद्ध सोन्याचे मोठे नाणे यातून निसटू शकते. सराफाचे कॅरेटोमीटरही (सोन्याची शुद्धता मोजणारे यंत्र) फक्त वरचा थर वाचते. अशा वेळी अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतपर्यंत होणारी) तपासणीच करून घ्या. एंजलमध्ये मात्र शुद्ध टंगस्टन भरले तर घनता १७.७ च्या वर चढते.