अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) बिशपची कारकीर्द कशी मांडावी: रेजिनाल्ड हेबर यांच्या उदाहरणाने

चरित्र-टिपणात सर्वात जास्त घोळ तारखांचा होतो, म्हणून आधी दोन रकाने आखा. एकात दीक्षा, चढत्या क्रमाने: डीकन (पहिली पायरी), प्रीस्ट (पूर्ण पाळक), बिशप. दुसऱ्यात पदे: रेक्टर (स्थानिक चर्चचा प्रमुख पाळक), आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा प्रशासक), अमुक धर्मप्रांताचा (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा) बिशप. दीक्षा आयुष्यभर टिकते, पद मात्र बदलते. दोन्ही एकाच रकान्यात कोंबली की कोण केव्हा काय होता हे कळेनासे होते.

हेबर पुढे कलकत्त्याचे बिशप झाले. त्यांचा जन्म 21 एप्रिल 1783, इंग्लंडात चेशायरमधील मालपास इथला. शिक्षण ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात. 1807 मध्ये दीक्षा आणि हॉडनेटचे रेक्टरपद. इथे वय ताडून पाहा: 1662 च्या दीक्षाविधीनुसार डीकनला 23, प्रीस्टला 24 आणि बिशपला 30 वर्षे पूर्ण लागत. वय त्याहून कमी भरले, तर बहुधा तारीख चुकलेली असते.

आता कळीचा भाग. इंग्लंडमधल्या बिशपच्या बाबतीत निवड, तिची पुष्टी, अभिषेक (म्हणजे बिशपपदाची दीक्षा) आणि आसनग्रहण (आपल्या कॅथेड्रलमध्ये स्थानापन्न होणे) अशा चार वेगळ्या तारखा असतात. कलकत्त्यात निवड नव्हतीच. 1813 च्या सनदी कायद्यानंतर राजाच्या सनदेने नेमणूक होई. आधीचे बिशप मिडलटन जुलै 1822 मध्ये वारले, हेबर यांचा अभिषेक 1 जून 1823 रोजी लॅम्बेथला झाला आणि ते कलकत्त्याला पोहोचले ऑक्टोबरात. त्यामुळे कुठे 1822, कुठे 1823 असे आकडे भेटतात. अभिषेकाची तारीख मुख्य धरा, बाकीच्या शेजारी लिहा.

धर्मप्रांताची हद्द त्या काळची घ्या, आजची नव्हे. मद्रासला स्वतंत्र बिशप 1835 मध्ये मिळाला, मुंबईला 1837 मध्ये (थॉमस कार). त्याआधी सारे कलकत्त्याखाली, सिलोन आणि ऑस्ट्रेलियासुद्धा! म्हणूनच 1825 च्या एप्रिलात हेबर मुंबईत होते, ते पाहुणे म्हणून नव्हे. तो त्यांच्याच अखत्यारीतला दौरा होता.

साधने: इंग्लंडमधील नेमणुकांसाठी 1540 ते 1835 चा पाळकांचा ऑनलाइन कोश, पुढच्या काळासाठी 1858 पासून निघणारी क्रॉकफर्ड ही पाळकांची निर्देशिका. हिंदुस्थानातील दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत इलाख्यांनुसार लावल्या आहेत. हेबर 3 एप्रिल 1826 रोजी मद्रास इलाख्यातल्या त्रिचनापल्लीत (आजचे तिरुचिरापल्ली) वारले. कलकत्त्याचे बिशप म्हणून बंगालच्या नोंदी चाळत बसू नका, मद्रास इलाख्याच्या वह्या उघडा.